चोवीस मिनिटांत पन्नास वर्षे : पुन्हा पुन्हा पाहिलेल्या काही ॲनिमे भागांचे परीक्षण

ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिकांची परीक्षणे बहुधा संपूर्ण मालिकेला एकच गुण देऊन थांबतात. कथा कशी आहे, पात्रे कशी आहेत, शेवट पटला की नाही, एवढे सांगितले की काम झाले असे मानले जाते. मालिका पाहून काही वर्षे लोटल्यावर आपल्याला आठवतो तो मात्र तिच्यातला एखादा भाग, आणि तो इतक्या स्पष्टपणे आठवतो की त्याच्या मागचे-पुढचे भाग पुसट झाले तरी त्याचे काही बिघडत नाही. याचे एक कारण निर्मितीच्या पद्धतीत आहे. जपानी दूरचित्रवाणीवरील ॲनिमेचा भाग साधारण चोवीस मिनिटांचा असतो. सुरुवातीचे आणि शेवटचे गीत प्रत्येकी सुमारे दीड मिनिट घेते, म्हणजे कथेच्या वाट्याला वीस-एकवीस मिनिटे उरतात. मालिकेला मुख्य दिग्दर्शक एक असला तरी प्रत्येक भागाचा स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांचा चित्ररूप आराखडा, कोणी काढायचा, त्या भागाचे दिग्दर्शन कोणी करायचे आणि रेखाटनांवर देखरेख कोणी ठेवायची हे भागागणिक बदलते. एकाच मालिकेतील दोन भागांत जाणवण्याइतका फरक असतो तो यामुळे, आणि म्हणून एकेक भाग वेगळा काढून तपासणे मला न्याय्य वाटते.

येथे ज्या भागांविषयी लिहीत आहे ते सारे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत, आणि घरातल्या, शेजारच्या माणसांबरोबर पाहिले आहेत. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर असतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि घरात बसण्यावाचून गत्यंतर नसते. आमच्या पूर्व भागात शेजारचे यंत्रमाग तेव्हाही चालू असतात, त्यामुळे आवाजापेक्षा सबटायटलवरच भिस्त ठेवावी लागते. अशा दुपारी एकत्र बसून पाहताना माझ्या लक्षात आले की, ज्या भागांपाशी सगळेच थबकतात त्यांच्यात काळ नेमकेपणाने हाताळलेला असतो. वीस मिनिटांत काही तरी घडवून दाखवणे प्रत्येक भागाला जमते. वीस मिनिटांत काळ लोटल्याची जाणीव पाहणाऱ्याच्या अंगात उतरवणे फार थोड्यांना जमते. माझ्या पसंतीची कसोटी हीच आहे. पुढे काही भागांचा शेवटही सांगावा लागणार आहे, कारण त्यांची थोरवी शेवट कसा रचला आहे यातच आहे. ज्यांना आधी पाहायचे असेल त्यांनी पाहून मग वाचावे.

सुरुवात ‘व्हायोलेट एव्हरगार्डन’च्या दहाव्या भागापासून करते. काना आकात्सुकी यांच्या कादंबरीवरून क्योटो ॲनिमेशन या स्टुडिओने केलेली आणि ताइची इशिदाते यांनी दिग्दर्शित केलेली ही तेरा भागांची मालिका २०१८ साली आली. व्हायोलेट ही युद्धात दोन्ही हात गमावलेली मुलगी; धातूच्या हातांनी टंकलेखन करून ती इतरांची पत्रे लिहून देण्याचे काम करते. ज्यांना मनातले शब्दांत मांडता येत नाही त्यांच्यासाठी ती लिहिते, आणि स्वतः मात्र भावना म्हणजे काय हे शिकत असते. दहाव्या भागात एका मोठ्या, एकाकी घरात ती आठवडाभरासाठी येते. त्या घरात आजारी आई आहे आणि ॲन नावाची सात वर्षांची मुलगी आहे. आई रोज काचेच्या दालनात बसून व्हायोलेटकडून पत्रे लिहून घेते. ती कोणाला हे ॲनला सांगितले जात नाही, आणि आपल्यालाही नाही. ॲनला इतकेच कळते की आईजवळ थोडे दिवस उरले आहेत आणि ते दिवस कुणा परक्या माणसाच्या पत्रांत खर्च होत आहेत.

या भागाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. पहिली पंधराएक मिनिटे संथ गतीने जातात. बाहुल्यांचा खेळ, कोडी, केसांची रिबन, वाचून दाखवलेली गोष्ट अशा साध्या प्रसंगांतून आठवडा सरतो, आणि प्रत्येक दिवस आपल्याला मोजता येतो. मग ॲनचा संताप उफाळतो, ती घराबाहेर धावत सुटते, व्हायोलेट तिला गाठते आणि जे बदलता येत नाही ते बदलता येत नाही एवढेच तिला सांगते. आपले हात जसे तुझ्या हातांसारखे मऊ होणार नाहीत, तसेच हेही. खोटा दिलासा ती देत नाही. त्यानंतर व्हायोलेट निघून जाते आणि काळाचा वेग एकाएकी बदलतो. आई गेलेली असते. ॲनच्या आठव्या वाढदिवसाला पत्र येते, मग दहाव्या, अठराव्या, विसाव्या. त्या आठवड्यात लिहिलेली पन्नास पत्रे पन्नास वाढदिवसांसाठी होती हे तेव्हा उलगडते. मुलगी मोठी होते, तिला स्वतःचे मूल होते, आणि हे सारे दोन-तीन मिनिटांत घडते. संथ आठवडा आपण अनुभवलेला असल्यामुळेच ही दोन-तीन मिनिटे इतकी भरून येतात. संथपणाचा कंटाळा करून सुरुवातीची मिनिटे पुढे ढकलत पाहणाऱ्याला शेवट पोचणार नाही, हे मी इतरांना दाखवताना प्रत्यक्ष पाहिले आहे.

एवढ्यावर भाग संपवला असता तरी तो चांगलाच ठरला असता. दिग्दर्शकाने त्यापुढे आणखी एक पाऊल टाकले आहे. पन्नास वर्षांची झेप दाखवून झाल्यावर कथा पुन्हा वर्तमानात, व्हायोलेटच्या कचेरीत येते. पत्रे अजून पोचायची आहेत, आई कदाचित अजून आहे, आणि त्या घरात दाबून धरलेले रडू व्हायोलेटला येथे आवरत नाही. आपण भविष्य पाहून आलो आहोत. ती ते पाहू शकत नाही, तरी तिला त्या एकट्या पडणाऱ्या मुलीची कल्पना आली आहे. पाहणारा आणि पात्र वेगवेगळ्या काळात उभे राहून एकाच गोष्टीवर रडतात, अशी योजना मी दुसऱ्या कोणत्या भागात पाहिलेली नाही.

शेजारच्या अक्कांबरोबर हा भाग पाहिला तेव्हा मी मधून मधून अर्थ सांगत होते. अक्कांच्या सासरची माणसे तेलंगणातून विणकामासाठी सोलापुरात आलेली. गावाकडे पाठवायची पत्रे दुसऱ्याकडून लिहून घेण्याचा काळ त्यांनी पाहिला आहे. ॲन चिडते त्या प्रसंगी त्या म्हणाल्या, “पोरगी बरोबर बोलायली बघ. आई समोर असताना तिला पत्र घेऊन काय करायचंय?” पत्रे पोचू लागल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण संपल्यावर पुन्हा लावायला सांगितले. युरोपसारख्या दिसणाऱ्या कल्पित देशात, जपानी भाषेत घडणारी ही गोष्ट त्यांना परकी वाटली नाही, हे मला या भागाचे मोठे यश वाटते.

‘फ्रीरेन’चा पहिला भाग याच्या शेजारी ठेवून पाहावा. कानेहितो यामादा आणि त्सुकासा आबे यांच्या मांगावरून (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा) मॅडहाउस स्टुडिओने ही मालिका केली, दिग्दर्शन केइइचिरो साइतो यांचे, आणि तिचे पहिले चार भाग २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस जपानमध्ये सलग दोन तासांच्या कार्यक्रमात दाखवले गेले. दोन्ही मालिकांचे संगीत इव्हान कॉल यांचे आहे, हा योगायोग मला लक्षणीय वाटतो. राक्षसराजाला हरवून चौघे वीर परत येतात तेथे ही कथा सुरू होते. म्हणजे इतर मालिका जेथे संपतात तेथे. फ्रीरेन त्या चौघांतली एल्फ आहे, म्हणजे दीर्घायुषी काल्पनिक जमातीतली, हजार वर्षांहून अधिक जगलेली, म्हणून दहा वर्षांचा सहप्रवास तिच्या हिशेबी अगदी लहान. पन्नास वर्षांतून एकदा होणारा उल्कावर्षाव चौघे एकत्र पाहतात आणि पुढच्या वेळी याहून चांगल्या ठिकाणाहून दाखवीन, असे ती सहज सांगून निघून जाते. पन्नास वर्षांनी ती परतते ती ठेवायला दिलेली एक वस्तू नेण्यासाठी, आणि दारात वृद्ध झालेला हिमेल, त्या चौघांचा नायक, उभा असतो.

व्हायोलेटच्या भागात संथपणा आधी आणि झेप नंतर येते. येथे क्रम उलटा आहे. पन्नास वर्षे इतक्या झटपट सरतात की पाहणाऱ्यालाही ती जाणवत नाहीत, आणि तेच दिग्दर्शकाला हवे आहे, कारण फ्रीरेनलाही ती जाणवलेली नाहीत. हिमेलच्या अंत्यविधीला ही बाई रडत कशी नाही, असे लोक कुजबुजतात, आणि मग तिला रडू फुटते. माणसाचे आयुष्य थोडे असते हे ठाऊक असूनही आपण याला जाणून का घेतले नाही, असे ती म्हणते. आपणही तिच्याबरोबर ती वर्षे डोळ्यांआड जाऊ दिलेली असल्यामुळे तिचा पश्चात्ताप आपल्याला बाहेरून पाहावा लागत नाही. माझ्या मते पहिल्या भागाने पाहणाऱ्याला मालिकेचा विषय समजावून देण्याचे हे उत्तम उदाहरण आहे. एकच उणीव सांगते. याच भागाच्या अखेरीस पुढच्या कथेची पायाभरणी सुरू होते, चौघांपैकी वृद्ध झालेला हायटर आणि त्याने सांभाळलेली लहानगी फर्न येतात, आणि अंत्यविधीचा प्रसंग मनात स्थिरावण्याआधी कथा पुढे सरकते. सलग चार भाग दाखवायचे म्हणून तेव्हा हे खपले. एकटा भाग पाहणाऱ्याला ती घाई जाणवते.

माझ्या निवडीतला तिसरा भाग या दोहोंपेक्षा बराच जुना. ‘काउबॉय बिबॉप’ ही सनराइज स्टुडिओची, शिनिचिरो वातानाबे यांची सव्वीस भागांची मालिका १९९८ साली जपानमध्ये सुरू झाली. तिचे नाव निघाले की योको कान्नो यांचे जाझ संगीत, चर्चमधली गोळीबाराची दृश्ये आणि शेवटचा जिना यांचीच चर्चा होते. त्या साऱ्याचा मान राखूनही मी अठरावा भाग निवडते. अंतराळातील फिरत्या यानावर एक पार्सल येते. फे नावाच्या बाईला ते आपल्या देणेकऱ्यांचे वाटते आणि ती पळून जाते. आत निघते बीटामॅक्सची व्हिडिओ टेप. ती चालवण्याचे यंत्र कुठेच नाही, म्हणून यानावरचे तिचे साथीदार स्पाइक आणि जेट उद्ध्वस्त पृथ्वीवरच्या एका जुन्या वस्तुसंग्रहालयात उतरून मोठ्या कष्टाने यंत्र वर काढतात, आणि ते निघते व्हीएचएसचे. टेप त्यात बसत नाही.

बीटामॅक्स १९७५ साली आणि व्हीएचएस १९७६ साली बाजारात आले आणि पुढे व्हीएचएसने बाजार जिंकला, हे ज्यांना आठवते त्यांना हा प्रसंग अधिक भावेल. व्हीसीआर भाड्याने आणून गल्लीतल्या सगळ्यांनी एका खोलीत बसून चित्रपट पाहण्याचे दिवस ज्या पिढीने अनुभवले, तिला टेप अडकण्याची धास्ती वेगळी सांगायला नको. भागाची पहिली पंधरा-सोळा मिनिटे अशी हलकीफुलकी शोधयात्रा आहे. मग दुसरे पार्सल येते, योग्य यंत्र मिळते आणि टेप चालू होते. पडद्यावर शाळकरी फे आहे. दहा वर्षांनंतरच्या स्वतःसाठी तिने हा निरोप भरून ठेवला आहे, आणि शेवटी ती उड्या मारत मोठ्या फेला हुरूप देते. पाहणारी फे अर्धशतकाहून अधिक काळ शीतनिद्रेत होती, तिची स्मृती गेली आहे. मला आठवत नाही, इतकेच ती म्हणते.

या शेवटाला कोणी काही समजावून सांगत नाही, संगीत गळा काढत नाही, कोणी फेला जवळ घेत नाही. टेपमधल्या मुलीचा आनंद तसाच चालू राहतो आणि तो ऐकणारी तिला ओळखत नाही. एका भागात दोन काळ समोरासमोर बसवण्यासाठी वातानाबे यांनी कालयंत्र वगैरे काही वापरले नाही, जुन्या टेपची कुरकुरणारी प्रतिमा त्यांना पुरली. आधीच्या विनोदी शोधाचा उपयोगही येथे कळतो: टेप पाहण्यासाठी आपणही उत्सुक होऊन धडपडलो, आणि ती पाहिल्यावर इतरांच्या खाजगी आयुष्यात डोकावल्याचा संकोच वाटतो.

काळ थांबवून धरण्याची ही कला ॲनिमेत इतकी विकसित का झाली, याचे उत्तर खर्चात आहे. ओसामु तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली तेव्हा दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग पुरवायचा तर सेकंदाला चोवीस रेखाचित्रे काढणे अशक्य होते. म्हणून चित्रे कमी केली गेली: पात्र स्थिर, फक्त ओठ हलतात, चित्र स्थिर, फक्त कॅमेरा सरकतो, एकच चित्र तीन-तीन चौकटींना वापरले जाते. नाइलाजाने आलेल्या या स्थिरतेला पुढच्या दिग्दर्शकांनी अर्थ दिला. ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’च्या चोविसाव्या भागात, १९९६ साली, हिदेआकी आन्नो यांनी एकच चित्र सुमारे एक मिनिट पडद्यावर ठेवले आहे. महाकाय यंत्राच्या मुठीत एक मुलगा आहे, पार्श्वभूमीला बीथोव्हेनची नववी सिंफनी आहे, आणि काहीही हलत नाही. ते यंत्र चालवणाऱ्या आणि निर्णय घेणाऱ्या शिंजीला जितका वेळ असह्य होतो तितकाच तो पाहणाऱ्यालाही होतो. तिसऱ्या-चौथ्यांदा पाहतानाही मला त्या मिनिटात पडद्यावरून नजर काढता आलेली नाही.

काळ ताणणे म्हणजे आपोआप कला होते असे मात्र नाही. ‘ड्रॅगन बॉल झी’मध्ये नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार असे फ्रीझा हा खलनायक जाहीर करतो आणि ती पाच मिनिटे कित्येक भाग चालतात. मांगाचे पुढचे प्रकरण प्रसिद्ध होईपर्यंत मालिका थांबवता येत नव्हती, म्हणून पवित्रे, आरोळ्या आणि आश्चर्याने विस्फारलेले डोळे यांवर वेळ काढला गेला. लहानपणी तो थरार खरा वाटला होता, आणि त्या वयाच्या आनंदाला मी कमी लेखत नाही. पण आज त्यातला एकही भाग स्वतंत्रपणे कोणाला दाखवावासा वाटत नाही. त्याच वयात पाहिलेला ‘पोकेमॉन’चा एकविसावा भाग, ज्यात ॲश आपल्या बटरफ्री या फुलपाखरासारख्या पोकेमॉनला मोकळे सोडतो, तो मात्र आजही दाखवता येतो. लहान मुलांना निरोप म्हणजे काय हे कळावे म्हणून मला याहून सोपा भाग माहीत नाही.

आता एक तुलना, जी माझ्या कसोटीच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. हिरोमु अराकावा यांच्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’वर बोन्स स्टुडिओने दोन वेळा मालिका केली. पहिली २००३ सालची, सेइजी मिझुशिमा यांची, एक्कावन्न भागांची. दुसरी ‘ब्रदरहुड’, २००९ सालची, यासुहिरो इरिए यांची, चौसष्ट भागांची. मूळ मांगा पूर्ण होत आल्याने दुसरी मालिका कथेशी अधिक प्रामाणिक आहे आणि एकंदरीत ती श्रेष्ठ आहे असे मलाही वाटते. तरी मेस ह्यूज या अधिकाऱ्याचा मृत्यू पहिल्या मालिकेत अधिक घाव घालतो. कारण साधे आहे: पहिल्या मालिकेत तो पंचविसाव्या भागात येतो, दुसऱ्या मालिकेत दहाव्या. खिशातून लेकीचे फोटो काढून ज्याला त्याला दाखवणारा, फोनवरही तिच्याच गोष्टी सांगून मित्राला बेजार करणारा हा माणूस पहिल्या मालिकेत आपल्या सवयीचा झालेला असतो. त्याचा कंटाळा येण्याइतका तो आपल्याबरोबर राहिलेला असतो.

‘ब्रदरहुड’च्या दहाव्या भागाचे अंत्यविधीचे दृश्य स्वतंत्रपणे पाहिले तर त्यात काही कमी नाही. बाबांना मातीत का पुरताय, त्यांना खूप काम आहे, असे छोटी एलिसिया आईला विचारते आणि भोवतालचे गणवेशातले लोक माना खाली घालतात. सारे गेल्यावर ह्यूजचा मित्र कर्नल मस्टँग टोपी डोळ्यांवर ओढून आज पाऊस वाईट आहे असे म्हणतो. आकाश निरभ्र असते, त्याच्या गालावरून थेंब ओघळतो, आणि लेफ्टनंट हॉकआय ते समजून घेते. इतके नेमके लिहिलेले दृश्य विरळाच. तरीही नऊ भागांच्या ओळखीवर उभे राहिलेले दुःख आणि चोवीस भागांच्या ओळखीवर उभे राहिलेले दुःख यांच्या वजनात फरक पडतो. एखादा भाग स्मरणीय ठरतो तेव्हा श्रेय त्याच्या आधीच्या साध्या, विसरलेल्या भागांनाही द्यायला हवे, ते येथे समजते.

सोलापुरी चादरीची नक्षी माग सुरू होण्याआधीच जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या, छिद्रे पाडलेल्या पंचकार्डांवर ठरलेली असते. विणताना ती फक्त दिसू लागते. ‘हायक्यू’च्या तिसऱ्या पर्वाचा चौथा भाग मला नेमका तसा रचलेला वाटतो. हारुइची फुरुदाते यांच्या व्हॉलीबॉलवरील मांगाची ही मालिका प्रॉडक्शन आय. जी. या स्टुडिओची आहे, आणि २०१६ सालचे तिचे तिसरे पर्व, दहाच्या दहा भाग, एकाच सामन्यावर आहे. पहिली दोन पर्वे प्रत्येकी पंचवीस भागांची असल्याने हा मालिकेचा चौपन्नावा भाग ठरतो. त्सुकिशिमा हा उंच, हुशार आणि कशातच जीव न ओतणारा खेळाडू. आपला मोठा भाऊ संघात नसतानाही असल्याचे भासवत होता हे कळल्यापासून त्याने खेळाकडून अपेक्षा सोडलेली आहे. शाळेतल्या एका क्लबसाठी इतके राबायचे कशाला, हा त्याचा प्रश्न आहे. दुसऱ्या पर्वात बोकुतो नावाचा खेळाडू त्याला सांगतो की एखादा क्षण येतो आणि मग हा खेळ माणसाला धरून ठेवतो. तो क्षण येथे येतो.

राज्यातल्या सर्वांत ताकदवान डावखुऱ्या खेळाडूचा, उशिजिमाचा, स्मॅश अडवायचा आहे. त्सुकिशिमा सेटभर तो पूर्ण अडवत नाही. तो चेंडूला बोट लावतो, वेग कमी करतो, पाठीमागच्यांना उचलायला सोपा करतो, आणि प्रतिस्पर्धी सेटरला, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्याला, हळूहळू वैताग आणतो. सेट ड्यूसवर लांबत जातो. अखेरीस त्या सेटरकडून जरा घाईचा, कमी उंचीचा पास जातो आणि त्सुकिशिमा त्याचीच वाट पाहत असतो. त्या क्षणी आवाज थांबतात, आणि मग एरवी आवाजही न चढवणारा हा मुलगा मूठ आवळून ओरडतो. माझा भाचा तालुक्याच्या गावी शाळेच्या संघात खेळतो. गड्ड्याच्या यात्रेसाठी आला असताना त्याने हा भाग माझ्याबरोबर पाहिला आणि पहिल्यांदा दाद दिली ती सेटरच्या चुकीला. “मावशी, ह्यात घोटाळा लिफ्टरचा झालाय बघ. तो चिडला, तिथंच पॉइंट गेला. ब्लॉक नंतर आलाय.” खेळणाऱ्या मुलाला जे दिसले ते भागाने शब्दांत कमी आणि चित्रांत अधिक सांगितलेले आहे. जे खेळाडू नाहीत त्यांनाही ते कळावे म्हणून बाकावरचे प्रशिक्षक आणि प्रेक्षक थोडे जास्तच समजावून सांगतात. ती बडबड मला किंचित खटकते, पण एवढ्या गुंतागुंतीच्या खेळाला ती टाळता येणे कठीण आहे.

शेवटचा भाग ‘मुशिशी’चा विसावा, आणि माझ्या मनात त्याचे स्थान सर्वांत वरचे आहे. युकी उरुशिबारा यांच्या मांगावरची ही सव्वीस भागांची मालिका हिरोशी नागाहामा यांनी आर्टलँड स्टुडिओसाठी २००५ साली दिग्दर्शित केली. प्राणीही नव्हेत आणि वनस्पतीही नव्हेत असे ‘मुशी’ नावाचे आदिम जीव, आणि त्यांचा उपद्रव झालेल्या माणसांपर्यंत पोचणारा गिंको हा भटका जाणकार, एवढाच धागा. बाकी प्रत्येक भाग स्वयंपूर्ण. विसाव्या भागातील तान्यु ही तरुणी जन्मतःच काळवंडलेला पाय घेऊन आली आहे. सारे जीवन संपवू शकणारा एक मुशी तिच्या एका पूर्वजाच्या शरीरात कोंडला गेला, आणि तेव्हापासून त्या घराण्यात असे मूल जन्मत राहिले. भटक्या जाणकारांकडून मुशींच्या हत्येच्या हकिगती ऐकायच्या आणि त्या कागदावर उतरवायच्या, तरच पायातला काळेपणा शब्दांच्या रूपाने बाहेर पडतो. तो पडताना तिला वेदना होतात. एकाच पिढीत हे काम संपणारे नाही.

या भागात पाठलाग नाही, युद्ध नाही, अकस्मात धक्का नाही. दालनात गुंडाळ्यांची रास आहे, आणि एकदा ती अक्षरे कागद सोडून भिंतींवर, छतावर पसरतात तेव्हा तान्यु ती काड्यांनी एकेक उचलून पुन्हा कागदावर बसवते. अक्षरांचा तो काळा थवा दाखवताना नागाहामा यांनी कोठेही भीती वाढवलेली नाही. तिचे हात सराईत आहेत, आणि कामातली तिची एकाग्रता पाहत राहावी अशी आहे. हत्येच्याच कथा ऐकून थकलेल्या तिला गिंकोच्या गोष्टी आवडतात, कारण तो मुशींना मारायचे टाळतो. पाय बरा झाला तर तू सांगितलेले मुशी पाहायला तुझ्याबरोबर हिंडेन, असे ती म्हणते. तोवर मी जिवंत असलो तर, असे तो म्हणतो. मग जिवंत राहा, असे ती सांगते. दोघांनाही ठाऊक आहे की तिच्या हयातीत ते काम संपेलच असे नाही. व्हायोलेटच्या भागाने पन्नास वर्षे ओलांडून दाखवली. येथे न ओलांडता, एका दालनात बसूनच पिढ्यांचा काळ जाणवतो. तोशिओ मासुदा यांनी या मालिकेच्या प्रत्येक भागाला शेवटी वेगळी धून दिली आहे, आणि ती धून भागाचाच अंश आहे.

नव्याने पाहणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. यांतल्या बहुतेक भागांना मराठी आवाज नाही आणि सबटायटल बहुतेक ठिकाणी इंग्रजीत वाचावी लागतात, तेव्हा वयस्कर मंडळींबरोबर पाहताना कोणी तरी अर्थ सांगायला बसावे. त्याने रस कमी होत नाही. ‘मुशिशी’चा विसावा, ‘व्हायोलेट’चा दहावा आणि ‘बिबॉप’चा अठरावा भाग मागचे काही न पाहता लावता येतात. ‘फ्रीरेन’ पहिल्यापासून पाहावी आणि शक्य तर चार भाग सलग. ‘हायक्यू’चा भाग मात्र आधीचे त्रेपन्न भाग पाहिल्याशिवाय पाहू नये, कारण मग तो केवळ एक चांगला ब्लॉक उरतो, आणि ‘इव्हँजेलियन’चा चोविसावा भाग लहान मुलांसमोर लावू नये.

एक तक्रारही नोंदवते. मी वापरलेल्या एका ॲपवर भागाचे अखेरचे गीत सुरू होताच पडदा आक्रसतो आणि काही सेकंदांत पुढचा भाग आपोआप लागतो. ज्या भागांची सारी मांडणी शेवटच्या क्षणापर्यंत वेळ मोजून केलेली आहे, त्यांच्यावर हा अन्याय आहे. ‘मुशिशी’ची धून त्यामुळे ऐकूच येत नाही आणि व्हायोलेटचे रडणे पुरते संपण्याआधी दुसरी कथा समोर येते. बहुतेक ॲपमध्ये प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप लागण्याची सोय बंद करता येते. वरीलपैकी कोणताही भाग लावण्यापूर्वी ती बंद करून घ्यावी.